इयत्ता गाळण्याची घाई

शेतकरी व कारागीर बांधवांनो! पोर हुशार निघालें कीं कोणी सांगतो, ‘एक इयत्ता गाळून वर चढवा.’ वर्षाचा खर्च वांचला म्हणून बाप खूष! पण हिशेब करा. सहा वर्षें पुरीं करून पहिलींत गेलेलें पोर इयत्ता गाळूनहि सतराव्या वर्षानंतरच कॉलेजच्या दारीं येतें. पांच पुरीं होतांच घातलेलें मात्र सोळा पुरीं होतांच. २०२५ च्या नीट परीक्षेचा नियम असा: त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षें पुरीं नसतील, तर गुण कितीहि असोत, डॉक्टरकीस प्रवेश नाहीं. इंजिनिअरिंगच्या जेईई मेनला अशी अट नव्हती. वांचविलेलें वर्ष मग घरींच बसून जातें. आणि घरीं बसलेल्या मुलीचें लग्न ठरावयास कितीसा वेळ? मुहूर्त जोशाला विचारणाऱ्यांनो, आधीं वय मोजा, नियम वाचा!