जर्नलमधलं उत्तर

लंबकाच्या प्रॅक्टिकलला 'जी'चं उत्तर ९.८ यायला हवं. माझं आलं ८.९. शेजारणीने तिचं जर्नल पुढे सरकवलं, "उलटं गणित कर आणि रीडिंग्ज बसव." बसवली. सही मिळाली. हे आपल्यातल्या बहुतेकांनी केलंय, उगाच नाही म्हणू नका.

त्याच आठवड्यात कोल्ड फ्यूजनचं प्रकरण वाचलं. २३ मार्च १९८९ ला अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने पत्रकार परिषद बोलावली. मार्टिन फ्लाइशमान आणि स्टॅन्ली पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी जाहीर केलं की, जड पाण्यात पॅलेडियमची कांडी बुडवून वीज सोडली की घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता मिळते आणि ती अणुकेंद्रांच्या संमीलनातून येते. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंशांना जे घडतं, ते टेबलावरच्या काचेच्या भांड्यात! निबंध छापून यायच्या आधीच बातमी जगभर.

अडचण मात्र साधी होती. ड्यूटेरियमची दोन केंद्रं जुळली की साधारण निम्म्या वेळा न्यूट्रॉन बाहेर पडतो. सांगितलेली उष्णता खरोखर अशा संमीलनाची असती, तर भांड्याजवळ उभी असलेली माणसं वाचलीच नसती. इतर प्रयोगशाळांनी करून पाहिलं, बहुतेकांच्या हाती काही लागलं नाही. नोव्हेंबरपर्यंत अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीनेही पुरावा पटण्याजोगा नसल्याचं सांगितलं. माझ्या मते निकाल बरोबरच होता.

पण मला थांबवलं ते ट्रॉम्बेने. १९८९ मध्येच, पी. के. अय्यंगार संचालक असताना, भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या गटांनी हे प्रयोग केले. न्यूट्रॉन आणि ट्रिटियम सापडल्याचं त्यांनी कळवलं. नेहमीच्या संमीलनात दोन्ही जवळपास सारख्या संख्येने निघायला हवेत. यांना ट्रिटियम कोटीच्या पटीत जास्त दिसलं! कुठल्याच पुस्तकात न बसणारा आकडा. मापनात चूक असेल, मला तरी तसंच वाटतं. तरीही तो आकडा त्यांनी अहवालात तसाच छापला. रीडिंग्ज 'बसवायची' असती तर दोन्ही आकडे सारखे करणं केवढं सोपं होतं!

२०१९ मध्ये गूगलच्या पैशावर काही वर्षं काम केलेल्या शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की कोल्ड फ्यूजनचा पुरावा मिळाला नाही. 'मिळालं नाही' हेसुद्धा तिथे छापलं जातं. आपल्याकडे मात्र न जुळलेल्या उत्तराला सही नसते, म्हणून सगळ्यांच्या जर्नलमध्ये ९.८ आणि दोरीची लांबी मोजताना मी गोळ्याची त्रिज्या धरायला विसरले होते, हे कुणाला कळलंच नाही. मलाही ते खूप नंतर सुचलं.

तेव्हा सरांना आणि मॅडमना एक विनंती: चुकलेलं उत्तर आणि ते का चुकलं असावं याच्या चार ओळी, एवढ्यावर सही द्या. माझं ८.९ चं पान मी पुन्हा लिहून काढलंय. सोमवारी दाखवणार आहे.