मिरचीच्या लोणच्यांतील मीठ

अलीकडे आमच्या किनाऱ्यावरील पुष्कळ घरांत एक नवी रीत पडूं लागली आहे. वडील माणसांस रक्तदाबाचा विकार जडला आणि डॉक्टरांनीं मीठ बेतानें खाण्यास सांगितलें, कीं घरची मंडळी लोणच्याच्या बरणींतलें मीठ निम्म्यावर आणतात. हेतु चांगला आहे. परंतु रीत चुकीची आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि तें आम्हीं स्वतःच्या घरची एक बरणी गमावून बनविलें आहे.

ती हकीकत अशी. एके वर्षीं मे महिन्यांत आमच्या घरीं दोन किलो हिरव्या मिरच्यांचें लोणचें घातलें. वडिलांच्या प्रकृतीची काळजी म्हणून नेहमीच्या अर्धेंच मीठ घेतलें, आणि लिंबांचा भाव चढलेला पाहून तींही कमी केलीं. वर्गांत मुलांस मिठाचे गुण शिकविणारे आम्हीच! पुढें पाऊस सुरू झाला. अलिबाग, रेवदंडा, मुरुड या पट्ट्यांत आषाढांतील हवा कशी असते हें आमच्या वाचकांस सांगावयास नको; आगकाडी पेटत नाहीं आणि मिठाच्या भांड्यास पाणी सुटतें. श्रावणांत बरणीचा दादरा सोडून पाहतों तों वर पांढरी बुरशी आणि आंत कुबट वास! सारें लोणचें टाकून द्यावें लागलें. आमच्या मातोश्री जवळच उभ्या होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "अरे, डॉक्टरांनीं पथ्य बाबांस सांगितलें होतें, बरणीस नव्हे."

मातोश्रींचें म्हणणें शास्त्रास धरून होतें. लोणच्यांतील मीठ केवळ चवीसाठीं नसतें. तें मिरचीच्या पेशींतील पाणी बाहेर ओढून घेतें आणि जंतूंस व बुरशीस वाढीकरितां लागणारें पाणी त्यांच्या हातीं लागूं देत नाहीं. दुसरा रक्षक लिंबाचा आंबटपणा. आम्लतेचें मोजमाप ४.६ अंकाच्या खालीं असेल तर बोट्युलिनम नांवाचा भयंकर विषारी जंतु वाढूं शकत नाहीं. (या मापांत अंक जितका लहान, तितका आंबटपणा अधिक, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.) तेलावर मात्र लोकांचा भरंवसा वाजवीपेक्षां फार. तेलाचा थर हवा अडवितो, त्यामुळें बुरशी आवरते हें खरें. परंतु वर सांगितलेल्या जंतूस हवा नकोच असते! तेव्हां मीठ व आंबट यांवांचून ताज्या मिरच्या नुसत्या तेलांत बुडवून फळीवर ठेवणें म्हणजे जिवाशीं खेळ आहे.

आतां हिशेब पाहूं. पाव किलो मिरच्या, १०० ग्रॅम लिंबाचा रस, ५० ग्रॅम मोहरीची डाळ आणि ६० ग्रॅम मीठ मिळून ४६० ग्रॅम झालें. म्हणजे तेल सोडून मीठ १३ टक्के पडलें.  असलें लोणचें पानांत १० ग्रॅम वाढलें तर सुमारें १.३ ग्रॅम मीठ पोटांत जातें. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचविलें आहे. तेव्हां रक्तदाबाच्या माणसास बोटभर लोणचें वाढावें, किंवा डॉक्टर म्हणतील तर मुळींच वाढूं नये. पण बरणीला तिचें मीठ पुरतें द्यावें.

मिरची ही येथली मूळची नव्हे. ती अमेरिकेची; सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं ती हिंदुस्थानांत आणिली. त्यापूर्वीं आपल्या स्वयंपाकांत तिखटपणा मिऱ्यांचा असे. त्याच पोर्तुगीजांचा अंमल चौल-रेवदंड्यास १७४० पर्यंत होता, आणि पलीकडे कोर्लईस त्यांच्या भाषेपासून झालेली एक बोली आजही ऐकूं येते. मीठ मात्र आमचें घरचें. पेण-उरणकडील मिठागरांनीं कित्येक पिढ्यांच्या बरण्या राखिल्या आहेत.

कृतीविषयीं थोडेंच सांगतों. मिरच्या देंठांसकट धुवाव्या, पंचानें कोरड्या पुसाव्या, सावलींत पसरून रात्रभर वाळूं द्याव्या, आणि मगच देंठ काढून चिराव्या. आधीं देंठ काढून धुतल्यास पाणी आंत शिरतें, व तेंच पुढें घात करतें. फोडणी पुरती निवल्यावरच ओतावी. भांडें चिनी मातीचें किंवा कांचेचें असावें. पितळ व ॲल्युमिनियम आंबटानें खाल्लें जातें. मोठी बरणी वारंवार उघडूं नये. आठवड्यापुरतें लोणचें लहान बाटलींत काढून फ्रिजमध्यें ठेवावें, व चमचा कोरडा असावा. मिरचीचा जहालपणा बियांत नसून आंतील पांढऱ्या शिरांत असतो, आणि तो पाण्यांत विरघळत नाहीं. म्हणून हाताची आग होऊं लागल्यास आधीं तेल चोळून मग साबणानें धुवावें; तोंवर डोळ्यांस हात लावूं नये. हें आम्ही अनुभवानें सांगतों.

हें काम मुलींचेंच, असें समजणाऱ्या पालकांशीं आमचा मतभेद आहे. ज्या मुलास तागडी धरतां येते व टक्केवारी काढतां येते, त्यास लोणचें घालतां आलें पाहिजे. आमच्या पिढींतील पुरुषांस तें आलें नाहीं, आणि आयांनीं प्रमाणें कधीं लिहून ठेविलीं नाहींत, विचारलें तर उत्तर एकच, "अंदाजानें." तो अंदाज त्यांच्या हातांबरोबर जाईल, ही भीति आम्हांस ती बरणी रिकामी करतांना प्रथम वाटली.

म्हणून गेल्या मे महिन्यांत मातोश्रींनीं पाव किलो मिरच्यांकरितां हातानें घेतलेलें मीठ आम्हीं ताटांत पडण्यापूर्वीं मध्येंच अडवून तागडींत घातलें. त्या रागावल्या, पण मीठ भरलें ६२ ग्रॅम. पुन्हां घेण्यास विनविलें, तेव्हां ६१ भरलें. तें प्रमाण कागदावर लिहून कपाटाच्या दारास आंतून चिकटविलें आहे. मातोश्रींनीं तो कागद अद्याप वाचलेला नाहीं.