काचबिंदूच्या शस्त्रक्रियांत ‘विजेता’ शोधणे थांबवावे

काचबिंदूवर नवी शस्त्रक्रिया किंवा नवे उपकरण आले, की देशातील विज्ञानवार्तांचे मथळे ठरलेले असतात : ‘क्रांतिकारक’, ‘जुन्या पद्धतीपेक्षा सरस’. कोणत्या डोळ्यासाठी सरस, हे मात्र बातमीत सापडत नाही. थेंब आणि लेसर यांनंतरही ज्याच्या डोळ्यातील दाब आटोक्यात येत नाही, त्याची उरलेली दृष्टी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. गेलेली दृष्टी कोणतीही शस्त्रक्रिया परत आणत नाही.

प्रमुख पर्याय दोन. ट्रॅबेक्युलेक्टोमीत डोळ्याच्या पांढऱ्या भागात वाट करून आतले पाणी वरच्या पातळ आवरणाखाली सोडतात. दुसऱ्या शस्त्रक्रियेत तेच पाणी बारीक नळीतून डोळ्यावर बसवलेल्या चकतीकडे नेतात. या दोहोंची तुलना करणाऱ्या एका प्रसिद्ध चाचणीत पाच वर्षांनंतर नळी २९.८ टक्के डोळ्यांत अपयशी ठरली, तर ट्रॅबेक्युलेक्टोमी ४६.९ टक्के डोळ्यांत. मग नळी जिंकली? नाही. त्या डोळ्यांवर मोतीबिंदूची किंवा काचबिंदूची शस्त्रक्रिया आधीच झालेली होती. पूर्वी शस्त्रक्रिया न झालेल्या डोळ्यांच्या चाचणीत पहिल्या वर्षाचे चित्र नेमके उलटे होते : नळीचे अपयश १७.३ टक्के, ट्रॅबेक्युलेक्टोमीचे ७.९ टक्के. पुढील वर्षांत हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय राहिला नाही. डोळे बदलले, तसा निष्कर्षही बदलला. रुग्णगट न सांगता दिलेली टक्केवारी म्हणजे एकक न सांगता दिलेले मोजमाप.

भारतात यात आणखी एक घटक मिसळतो आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. मदुराईच्या ऑरोलॅबने बनवलेली नळी परदेशी नळीच्या तुलनेत अत्यल्प किमतीत मिळते. ही खरी अभिमानाची गोष्ट, आणि बातमी बहुधा तिथेच संपते. परंतु या नळीत झडप नसते. म्हणून ती सुरुवातीला विरघळणाऱ्या धाग्याने बांधून ठेवतात. साधारण पाच-सहा आठवड्यांनी धागा सुटतो, तेव्हा दाब एकाएकी फार खाली जाऊ शकतो. ट्रॅबेक्युलेक्टोमीलाही पहिल्या काही आठवड्यांत वारंवार तपासणी लागते. टाके सैल करावे लागतात, व्रण धरू लागल्यास उपाय करावा लागतो. दूरच्या गावातला शेतमजूर एका दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचे किंवा रेल्वेचे भाडे भरून त्या आठवड्यात दवाखान्यात पोहोचेल का? न पोहोचल्यास स्वस्त नळीही महाग पडते आणि कुशल हातांनी केलेली ट्रॅबेक्युलेक्टोमीही वाया जाते.

म्हणून दोन मागण्या. विज्ञानवार्ता देणाऱ्यांनी चाचणीतील डोळे कोणते होते, अपयश कशाला म्हटले आणि रुग्णांवर किती काळ लक्ष ठेवले, हे सांगितल्याशिवाय ‘सरस’ हा शब्द वापरू नये. आणि शासकीय आरोग्य योजनांनी शस्त्रक्रियेच्या खर्चातच पुढील तपासण्या व प्रवासखर्च धरावा. उपकरणाचे कौतुक करून रुग्णाला वाऱ्यावर सोडणे ही प्रगती नव्हे.