तोजी निघून गेले, साके राहिली

‘परंपरा आणि आधुनिकतेचा सुंदर संगम’ या वाक्यावर एकदा जीएसटी लावायला हवा. पैठणीच्या जाहिरातीत ते असतं, मिसळीच्या नव्या फ्रँचायझीच्या पाटीवर असतं, आणि जपानमधल्या साके ब्रुअरीवर कुणी रील केली की तिच्या खाली तर असतंच असतं. रीलही ठरलेली. दारावर टांगलेला झाडाच्या पानांचा मोठा गोळा, वाफाळता भात, तो हाताने पसरणारी माणसं, आणि मग अचानक स्टीलची टाकी आणि तिच्यावर चमकणारे तापमानाचे आकडे. खाली लाल बदामांची रांग.

माझा या वाक्यावर राग आहे, कारण ते एका दमात दोन खोट्या गोष्टी सांगतं. परंपरा म्हणजे पणजोबांच्या काळापासून जशीच्या तशी राहिलेली वस्तू, ही पहिली. आधुनिकता म्हणजे तिच्या शेजारी आणून ठेवलेलं मशीन, ही दुसरी. साकेचा इतिहास या दोन्ही गोष्टी खोडून काढतो, आणि हे खोटं खपवून घेतल्याची किंमत भलतीच माणसं मोजतात.

आधी साके बनते कशी ते पाहू. द्राक्षात साखर असते, तांदळात नसते. तांदळात स्टार्च असतो. म्हणून वाफवलेल्या तांदळाच्या काही भागावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. ती स्टार्चची साखर करते आणि यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. ही दोन्ही कामं एकाच टाकीत, एकाच वेळी चालतात. एकाचा वेग वाढला आणि दुसऱ्याचा नाही, की चव बिघडली. थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून डबा गॅसजवळ ठेवणाऱ्या कुठल्याही आईला हे गणित कळेल. फक्त इथे ते पीठ महिनाभर सांभाळायचं असतं आणि एकेका अंशाचा हिशोब ठेवायचा असतो.

आता ‘अस्सल परंपरे’कडे येऊ. साके हिवाळ्यातच बनवायची, हे सगळ्यात पवित्र मानलं जाणारं सूत्र. थंडीत नको ते जीवाणू कमी वाढतात आणि साके चांगली होते, हे खरंच. पण हिवाळ्याचा नियम पक्का झाला तो १६७३मध्ये, शोगुनच्या राजवटीने इतर ऋतूंतल्या उत्पादनावर बंदी घातली तेव्हा. सरकारला तांदळाचा वापर आटोक्यात ठेवायचा होता. त्याआधी वर्षाच्या इतर काळातही साके बनायची. म्हणजे आपण ज्याला ऋतूशी असलेलं आध्यात्मिक नातं म्हणतो, त्यात एक सरकारी जीआरही आहे.

पुढे पाहा. साके हलकी तापवून टिकवण्याची युक्ती नारामधल्या तामोन-इन या मठाच्या सोळाव्या शतकातल्या रोजनिशीत नोंदलेली आहे, लुई पाश्चरच्या सुमारे ३०० वर्षं आधी. १९०४मध्ये जपान सरकारने साकेसाठी राष्ट्रीय संशोधन संस्था काढली. दोनच वर्षांनी निवडक, शुद्ध यीस्ट ब्रुअऱ्यांना वाटायला सुरुवात झाली. पूर्वी भात आणि कोजीचं मिश्रण रात्री-बेरात्री लांब दांड्यांनी घोटत बसावं लागे. हे घोटणं टाळलं तरी चालतं, असं १९०९मध्ये सिद्ध झालं. १९१०मध्ये बाहेरून लॅक्टिक आम्ल घालण्याची पद्धत आली आणि चार आठवड्यांचं काम दोनेक आठवड्यांवर आलं. ज्या तांदळाला आज ‘साकेच्या तांदळांचा राजा’ म्हणतात, तो यामादा निशिकी म्हणजे १९२३मध्ये ह्योगो प्रांताच्या शेती प्रयोग केंद्रात केलेला संकर. त्याला नाव मिळालं १९३६मध्ये.

मग सांगा, ‘संगम’ कुठे झाला? दोन नद्या होत्याच कधी? एकच नदी आहे, आणि ती पहिल्यापासून मोजमाप करत, चुकत, नोंदी ठेवत वाहते आहे.

यामागुची प्रांतातल्या इवाकुनीच्या डोंगराळ भागात असाही शुझो नावाची एक छोटी, डबघाईला आलेली ब्रुअरी होती. १९८४मध्ये वडील गेल्यावर हिरोशी साकुराई तिचे प्रमुख झाले. १९९०मध्ये त्यांनी ‘दास्साई’ हा ब्रँड काढला. १९९२मध्ये तांदळाचा ७७ टक्के भाग घासून टाकून उरलेल्या २३ टक्क्यांची साके बाजारात आणली. दाण्याच्या बाहेरच्या थरांतली प्रथिनं आणि चरबी काढून टाकली की चव स्वच्छ होते, हा त्यामागचा विचार. पुढे त्यांनी बिअरचं रेस्टॉरंट काढलं. ते काही महिन्यांतच बंद पडलं आणि कंपनी खड्ड्यात गेली. ते पाहून १९९९मध्ये तोजी आपली टोळी घेऊन निघून गेले.

तोजी म्हणजे साके बनवणारा मुख्य कारागीर. सगळं त्याच्या नाकात, जिभेत आणि हातात. मालकाला पैशाचा हिशोब ठाऊक, दारू कशी होते ते तोजीला ठाऊक. तोजी गेले म्हणजे ब्रुअरी संपली, असाच जगाचा नियम.

साकुराईंनी अनुभव नसलेल्या तरुण कर्मचाऱ्यांना हाताशी धरलं आणि रोज मोजायला सुरुवात केली. तापमान, साखर, अल्कोहोल, तांदळाने किती पाणी पिलं, सगळं आकड्यांत आणि आलेखावर. खोली थंड ठेवायची सोय केली आणि हिवाळ्याची वाट पाहणं सोडून बाराही महिने साके बनवायला घेतली. तोजी हे पद पुन्हा भरलंच नाही. २०२३मध्ये याच कंपनीने न्यूयॉर्क राज्यात, हाइड पार्क इथे, स्वतःची ब्रुअरी सुरू केली.

‘बघा, कॉम्प्युटरने कारागीर संपवला’ असं म्हणणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. दास्साईच्या ब्रुअरीत तांदूळ आजही छोट्या छोट्या वाट्यांनी हाताने धुतात. कोजी आजही माणसं हाताने करतात, रात्रपाळी लावून. साके बनवण्याच्या कामावर तिथे शंभराहून जास्त माणसं आहेत. जिथे हात जास्त अचूक तिथे हात, जिथे यंत्र जास्त अचूक तिथे यंत्र. पूर्वी एका डोक्यात बंद असलेलं ज्ञान आता शंभर जणांना वाचता येतं. मशीन आलं यापेक्षा हे मला मोठं वाटतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे बिलिंगचा एक जुना प्रोग्रॅम होता, तो फक्त एका सीनियरला समजायचा. डॉक्युमेंटेशन म्हणजे ‘सरांना विचारा’. सरांनी नोकरी सोडली आणि पुढचं वर्षभर आम्ही त्या कोडला हात लावायला घाबरत होतो. त्या भीतीला कुणी ‘वारसा’ म्हटलं नाही. मग तीच गोष्ट लाकडी पिंपाशेजारी घडली की तिला वारसा का म्हणायचं?

दुसरी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. तोजी आणि त्यांची माणसं होती कोण? तांबा, नांबू, एचिगो अशा भागांतले शेतकरी आणि मच्छीमार. हिवाळ्यात हाताला काम नाही म्हणून घरदार सोडून शंभर-शंभर दिवस ब्रुअरीत राहायचे, पहाटेच्या काळोखात उठून गार पाण्यात तांदूळ धुवायचे. दसरा-दिवाळीनंतर बीडहून निघणाऱ्या ऊसतोड टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. जपानच्या खेड्यांत दुसरी कामं आली तशी ही माणसं येईनाशी झाली. कोयत्यावर पुन्हा जायचं नाही असं म्हणणाऱ्या पोरासमोर आपण ‘परंपरा बुडाली’ म्हणून गळा काढू का? आणि ब्रुअरीत बायकांना पाऊल टाकू न देणं हीसुद्धा याच परंपरेची रीत होती. आज हिरोशिमा प्रांतात मिहो इमादा स्वतः तोजी आहेत. जुनं सगळंच जपायचं ठरलं असतं, तर त्या दाराबाहेरच उभ्या राहिल्या असत्या.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा घेऊ. आकड्यांच्या मागे लागलं की सगळ्यांची चव सारखी होईल. हा धोका खरा आहे. पण त्यावरचं उत्तर मला आकड्यांचा तिटकारा करणाऱ्यांकडे सापडत नाही, ते आकिता शहरातल्या आरामासा या ब्रुअरीत सापडतं. १८५२ची ही ब्रुअरी. तिच्याच साकेतून १९३०मध्ये ‘सहा नंबर’चं यीस्ट वेगळं काढलं गेलं. आठव्या पिढीचे युसुके सातो टोकियो विद्यापीठात शिकले, पत्रकारिता करून घरी परतले आणि दास्साईच्या बरोबर उलट निघाले. लाकडी पिंपं परत आणली, आम्ल बाहेरून न घालण्याची जुनी किमोतो पद्धत आणली, तांदूळ फक्त आकिताचा, यीस्ट घरचंच. पण हे त्यांनी अजाणतेपणी केलं नाही. कुठली पायरी कशासाठी होती आणि ती काढल्यावर काय हरवलं, हे समजून मागे वळले. ज्याला सोपा रस्ता ठाऊक आहे आणि तरी जो अवघड रस्ता निवडतो, तो परंपरेचा गुलाम नसतो.

आणि तंत्रज्ञानाच्या भक्तांनीही फार खूश होऊ नये. जुलै २०१८च्या अतिवृष्टीत दास्साईची वीज गेली, थंड ठेवायची यंत्रणा बंद पडली आणि टाक्यांमधली साके ठरलेल्या दर्जाची राहिली नाही. कंपनीने ते लपवलं नाही. ती साके वेगळ्या लेबलखाली, एका प्रसिद्ध मांगा नायकाचं चित्र लावून, स्वस्तात विकली आणि प्रत्येक बाटलीमागे २०० येन पूरग्रस्तांना दिले. डॅशबोर्ड आहे म्हणून निसर्ग सुट्टीवर जात नाही.

हे सगळं आपण का वाचायचं? कारण ज्या काळात जपानी राज्यसत्ता साकेसाठी प्रयोगशाळा उघडत होती, त्याच सुमारास मुंबई इलाख्यातली सत्ता मोहाच्या मागे पोलीस लावत होती. १८७८चा अबकारी कायदा आला, १८९२मध्ये तर मोहाच्या फुलांवरच वेगळा कायदा झाला. जपानचे हेतूही काही संतांचे नव्हते. तिथेही दारूचा कर हवा होता, १८९९मध्ये घरगुती दारूवर बंदी आली. पण निदान साके नासली की कर बुडतो, म्हणून तिचं विज्ञान वाढवलं गेलं. आपल्याकडे मोहाचं ज्ञान गुन्हा ठरलं. जी गोष्ट लपूनछपून करायची, तिची नोंद कोण ठेवणार? शेजारच्या गोव्याच्या काजू फेणीला २००९मध्ये जीआय मिळालं, त्यासाठी तिची पद्धत कागदावर उतरवावी लागली. मोहाच्या वाट्याला ‘हातभट्टी’ हा शिवीसारखा शब्द आला.

यंत्र पाहून परंपरा मरत नाही. ती मरते कुणी तिला बोलू दिलं नाही की, किंवा तिच्या एकुलत्या एका जाणकाराने कुणाला काही सांगितलं नाही की. त्यामुळे उद्या गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये एखाद्या बाईने मोहाच्या माठात थर्मामीटर बुडवला, शेजारी वही उघडली आणि आकडा लिहिला, तर कृपा करून ‘अस्सलपणा गेला’ म्हणून हळहळू नका. रील काढून खाली ‘संगम’ही लिहू नका. तिने काय बदललं आणि का बदललं, एवढं विचारा. ती सांगेल, आणि ते लिहून घ्या.