आनंद मेळाव्याचा हिशोब



शाळेत आनंद मेळावा असला की चटणी आपण वाटतो, भेळ आपण कालवतो आणि नातवंडं टेबलामागे नुसती उभी! मला हे पटत नाही. मुलांना वाण्याकडे न्या. चुरमुरे, शेव, चिंच-गूळ मिळून 240 रुपये खर्च, 10 रुपयांच्या 30 प्लेटा खपल्या तर 300 जमा, नफा 60. तिसरीतलं पोर हे वहीत स्वतः मांडू शकतं. घरातलं तिखट-मीठही खर्चात धरायचं बरं का! (मी पडले कॉमर्सची.) प्लेटा उरल्या, तर आजीने गुपचूप विकत घेऊ नयेत. तोटा दिसू द्या. आणि गिऱ्हाईकाने ‘भेळेत कांदा का नाही?’ विचारलं, तर उत्तर मुलालाच देऊ द्या.