घाटाचें गणित

"आजोबा, डब्याचें वजन दिलेलेंच नाहीं, मग उत्तर कसें काढावयाचें?" असें म्हणत आमच्या धाकट्या बंधूंचा नातू परवां पदार्थविज्ञानाची प्रश्नपत्रिका घेऊन आला. उतारावर सुटा झालेला डबा, घर्षण नाहीं असें मानल्यास, एक किलोमीटर अंतर गेल्यावर किती वेगानें धांवेल, असा प्रश्न होता. परीक्षकानें फसविलें असें समजून चिरंजीवांनीं तो कोरा सोडला होता.

मीं त्यास प्रथम आकृति काढावयास लाविलें. वजनाचा बाण सरळ खालीं काढावा व त्याचे दोन भाग करावे. एक उतारावरून खालीं ओढणारा, दुसरा रुळांवर दाबणारा. पहिल्यास कोनाची ज्या लागते, दुसऱ्यास कोटिज्या. (हल्लींचा 'साइन' हा आपल्या 'ज्या-जीवा' यांचाच, अरबी व लॅटिन भाषांतून फिरून आलेला अवतार होय.) पुष्कळ मुलें यांची अदलाबदल करितात. अशा वेळीं कोन शून्य धरून पाहावें. सपाट रुळांवर ओढ उरतां कामा नये; शून्याची ज्याही शून्यच, तेव्हां ओढीस ज्याच हवी.

उताराचें माप आम्हीं बोरघाटाचें घेतलें. तेथें आगगाडी १८६३ सालीं सुरू झाली. चढ जास्तींत जास्त सदतिसांत एक, म्हणजे कोन दीड अंशाहून किंचित् अधिक. डोळ्यांस तो जवळ जवळ सपाटच भासावा! परंतु त्या उतारावर वजनाचा सदतिसावा हिस्सा गाडीस सतत खालीं ओढीत असतो. वजन दुप्पट केलें तर ओढ दुप्पट होते, पण हलवावयाचें वस्तुमानही दुप्पट होतें. म्हणून त्वरण तेंच राहतें. ९.८ ला ३७ नीं भागितल्यास तें ०.२६५ येतें. त्याची दुप्पट गुणिले हजार मीटर, म्हणजे ५३०, वर्गमूळ २३. सेकंदास २३ मीटर म्हणजे ताशीं सुमारें ८३ किलोमीटर! पोरानें तीन वेळां ताळा पाहिला. प्रत्यक्षांत घर्षण व वारा यांमुळें वेग कांहींसा कमी भरेल. तरी निसटलेली गाडी चढावर वळवून थांबविण्यासाठीं घाटांत निराळे रूळ कां टाकले आहेत, हें त्यास न सांगतां उमगलें.

"मग वजन कशासच लागत नाहीं?" त्यानें विचारिलें. लागतें, चढतांना. इंजिनासह १३०० टनांच्या गाडीस ३५ टनांची ओढ सोसावी लागते. कोरड्या रुळांवर चाकांची पकड इंजिनाच्या वजनाच्या सुमारें चतुर्थांश धरिली, तर १२० टनांचें इंजिन ३० टनच जोर लावूं शकेल; अधिक लाविल्यास चाकें जागच्या जागीं फिरतील. पावसाळ्यांत तर पकड आणखी कमी. म्हणून कर्जतेस गाडीच्या मागें जादा इंजिनें जोडतात. येथें गाडीस वर नेणारें बल घर्षणाचेंच, हें ऐकून तो चमकला. घर्षणाचा बाण नेहमीं मागेंच काढावयाचा, असें त्यानें पाठ केलें होतें.

गुण अर्थात् वाढले नाहींत. दिवाळींत मुंबईस जातांना मात्र खंडाळ्यापासून खिडकीची जागा त्याची, असें घरांत ठरलें आहे.