लातूर-नांदेडमध्ये जमीन गोठत नाही, तरी घरांना तडे का जातात?

कॅनडा, रशियासारख्या देशांत हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं. गोठताना ते सुमारे 9 टक्के फुगतं, शिवाय खालचं पाणी वर ओढलं जाऊन बर्फाचे थर जाड होत जातात. या जोरानं पाया आणि काँक्रीट वर उचललं जातं, बर्फ वितळला की खचतं. मराठवाड्यात हेच काम काळी माती करते.

या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी शोषून फुगतं, सुकलं की आक्रसतं. मे महिन्यात शेतात पडणाऱ्या भेगा याच कारणानं पडतात आणि तीच हालचाल घराखालीही चालू असते. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तर 2025 मध्ये लातूर-नांदेडमध्ये अतिवृष्टीनं शेतं पाण्याखाली गेली. वर्षं अशी टोकाची असली की मातीची हालचालही वाढते.

पूर्ण पाया सारखा हलला तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते एक कोपरा ओला आणि दुसरा कोरडा राहिल्यानं. गळका नळ, भिंतीलगत सोडलेलं सांडपाणी, जोत्याजवळचं मोठं झाड यांमुळे हा फरक पडतो. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा जातो, दारं अडकतात, फरशी फुगते. मोठ्या इमारतीचं वजन मातीला काहीसं दाबून धरतं. एकमजली घराला, कंपाउंडच्या भिंतीला ते जमत नाही. म्हणजे फटका बसतो तो कर्ज काढून छोटं घर बांधणाऱ्याला.

भूकंप की माती?

30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या भागात तडा दिसला की आधी भूकंपाची शंका येते, आणि ती अवाजवी नाही. पण तड्याची रुंदी ऋतूप्रमाणे कमी-जास्त होत असेल तर कारण बहुधा माती. तड्याच्या टोकांवर पेन्सिलनं खूण करून तारीख लिहावी, मे आणि सप्टेंबरमध्ये रुंदी मोजावी. तडा एकदम पडला किंवा झपाट्यानं वाढत असेल तर मात्र वाट न पाहता अभियंत्याला दाखवावा.

तड्यात सिमेंट भरणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपयोगी उपाय. थंड देशांत पाया गोठणाऱ्या थराच्या खाली नेतात. इथे तो माती हलणं थांबतं तिथवर न्यावा लागतो. त्यासाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल वापरतात. ते साधारण 3.5 मीटर खोल आणि तळाशी फुगीर असतात. परवडत नसेल तर काळी माती काढून मुरूम दाबून भरतात, पण निचरा नसेल तर तोच खड्डा पाणी साठवतो.

बांधून झालेल्या घराभोवती बाहेर उतार असलेला फरशीचा पट्टा करावा आणि छताचं पाणी दूर सोडावं. जोत्याजवळचं जुनं झाड मात्र घाईनं तोडू नये. ते शोषत असलेलं पाणी मातीतच राहतं आणि माती पुन्हा फुगते.